विल्यम केरी व त्यांची सेरामपूरची बाग

विदर्भाच्या रानांत कुंभी नांवाचें एक झाड आढळतें. थंडी संपतां संपतां त्याचीं पानें तांबूस होऊन गळूं लागतात. उन्हाळ्याच्या तोंडीं त्यास मोठीं, फिकट पांढरीं व आंत केसरांचा दाट झुबका असलेलीं फुलें येतात. तीं रात्रीं उमलतात आणि सकाळीं झाडाखालीं त्यांचा सडा पडलेला दिसतो. फळ हिरवें, वाटोळें व एखाद्या लहान घड्यासारखें असतें. गुराख्यांस हें झाड चांगलें ओळखीचें आहे. परंतु वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांत ह्याच झाडास केरिया आर्बोरिया असें नांव असून, त्यांतील केरिया हा शब्द एका माणसाच्या नांवावरून आला आहे, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. तो माणूस राजा नव्हता, सेनापति नव्हता, कोणत्याहि विद्यापीठांत शिकलेला पंडितहि नव्हता. इंग्लंडांतील एका खेड्यांत तो जन्मला व तरुणपणीं जोडे शिवून पोट भरीत असे. त्याचें नांव विल्यम केरी.

केरीसाहेबांचें चरित्र आपल्यापैकीं अनेकांनीं उपासनामंदिरांत किंवा घरीं ऐकलें असेल. त्यांनीं केलेलीं पवित्र शास्त्राचीं भाषांतरें, त्यांचा छापखाना, त्यांचें विद्यालय ह्यांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. आम्ही ह्या लेखांत त्यांच्या आयुष्याकडे त्यांच्या बागेच्या दारांतून पाहणार आहों. माणसाचा स्वभाव त्याच्या मोठ्या कार्यांत दिसतो. परंतु ज्या श्रमांबद्दल त्यास कोणी वेतन देत नाहीं व ज्यांचा हिशेब कोणी मागत नाहीं, त्या श्रमांत तो अधिक खरेपणानें दिसतो.

विल्यम केरींचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजीं नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यांतील पॉलर्सपरी ह्या खेड्यांत झाला. वडील एडमंड हे विणकर होते. विल्यम सहा वर्षांचा असतां ते गांवच्या शाळेचे शिक्षक झाले. त्याच परगण्यांत कॅसल ॲशबी नांवाचा एका उमराव घराण्याचा जुना वाडा आहे. विल्यम ज्या वर्षीं जन्मला त्याच वर्षीं त्या वाड्याच्या भोंवतालचें उद्यान नव्यानें आखण्याचें काम लॅन्सलॉट ब्राऊन ह्या नामांकित उद्यानकाराकडे आलें होतें. उद्यानरचनेची कला त्या काळीं इंग्लंडांत ऐन भरांत होती. जुन्या वाड्यांभोंवतीं शंभर-शंभर, दोनदोनशें वर्षांचे ओक व बीच वृक्ष उभे असत. कुशल उद्यानकार आधीं घोड्यावरून सर्व जमीन हिंडून ते वृक्ष पाहात असे. कोणता राखावयाचा, कोणता काढावयाचा, वाट कोणाच्या सावलींतून न्यावयाची व वाड्याच्या खिडकींतून कोणता दिसावयाचा हें मनाशीं ठरवीत असे, आणि मगच मजुरांच्या हातीं कुदळ देत असे. ब्राऊन ह्यांनीं जुन्या काळच्या कित्येक सरळ रांगा मोडल्या; परंतु त्यांतील उत्तम वृक्ष राखून ते नव्या हिरवळींत मोकळे उभे केले. कारण हिरवळ एका ऋतूंत होते, तळें दोन वर्षांत खोदून होतें. पण दोनशें वर्षांचा ओक कितीहि द्रव्य मोजलें तरी बाजारांत मिळत नाहीं.

विणकराच्या मुलास अशा वाड्यांचीं दारें कोठून उघडीं असणार? त्याचें उद्यान म्हणजे गांवाजवळचें व्हिटलबरीचें रान. पीटर नांवाचे त्याचे एक चुलते कांहीं वर्षें कॅनडांत राहून गांवीं परतले होते व माळीकाम करीत. त्यांस मूलबाळ नव्हतें. ह्या पुतण्याला त्यांनीं झाडें, फुलें व रोपें ओळखावयास शिकविलें. मुलाच्या लहानशा खोलींत किडे, पक्षी व वनस्पति ह्यांचा एवढा संग्रह झाला कीं, तींत पाय ठेवण्यास जागा उरली नाहीं. घराभोंवतालची जमीनहि त्यानें रोपांनीं भरून टाकली. एकदां उंच झाडावर चढतांना तो पडला व बरेच दिवस अंथरुणास खिळून राहिला. परंतु उठून चालावयास लागतांच प्रथम काय केलें, तर त्याच झाडावर चढून तो शेंड्यास पोहोंचला, अशी कथा त्याचे चरित्रकार सांगतात. पुढील आयुष्यांत आपल्याजवळ दुसरा कोणताहि गुण नाहीं, केवळ नेटानें वाट चालत राहणें तेवढें आपणांस येतें, असें ते स्वतःविषयीं सांगत. त्याचें बीज ह्या गोष्टींत दिसतें.

शेतीचें काम त्याच्या नशिबीं नव्हतें. उन्हांत राबल्यानें त्याच्या त्वचेस विकार होई, म्हणून वडिलांनीं त्यास पिडिंग्टन येथील एका जोडे शिवणाऱ्या कारागिराकडे उमेदवार म्हणून ठेविलें. त्या दुकानांत शास्त्रावरील एक टीकाग्रंथ पडला होता. त्यांतील ग्रीक अक्षरें पाहून मुलाचें कुतूहल चाळवलें, आणि येथून त्याच्या भाषाभ्यासास आरंभ झाला. पुढें काम करतां करतां त्यानें लॅटिन, ग्रीक, हिब्रू, फ्रेंच व डच ह्या भाषा आत्मसात केल्या. विसाव्या वर्षाच्या सुमारास डॉरथी प्लॅकेट ह्या मुलीशीं त्याचा विवाह झाला. मोल्टन गांवीं तो शिक्षक व बॅप्टिस्ट मंडळीचा पाळक झाला. तेथें त्यानें कागद जोडून जगाचा एक मोठा नकाशा भिंतीवर लाविला व प्रत्येक देशाची लोकसंख्या, धर्म व स्थिति त्यावर लिहून ठेविली. दारिद्र्य तर असें कीं, शाळा व मंडळी ह्या दोन्हींवर निर्वाह होईना, म्हणून आर व टांका हातांतून सुटला नाहीं. तरीहि दाराशीं बाग नाहीं असें त्याचें एकहि बिऱ्हाड नव्हतें. २ ऑक्टोबर १७९२ रोजीं केटरिंग येथें थोड्या पाळकांनीं मिळून मिशनरी मंडळ स्थापिलें. त्या दिवशीं जमलेली रक्कम होती तेरा पौंड, दोन शिलिंग व सहा पेन्स. एवढ्या भांडवलावर जग जिंकावयास निघालेल्या ह्या माणसांस पुष्कळ लोक हंसले.

१३ जून १७९३ रोजीं केरी सहकुटुंब एका डॅनिश जहाजांतून निघाले व ११ नोव्हेंबर रोजीं कलकत्त्यास पोहोंचले. कंपनी सरकारास आपल्या मुलुखांत मिशनरी नको होते. हातांतील पैसा लवकरच संपला. सुंदरबनाच्या कडेस रान तोडून झोंपडी बांधण्याचीहि पाळी आली. पुढें १७९४ सालीं मदनाबाटी येथील निळीच्या कारखान्यावर त्यांस व्यवस्थापकाची जागा मिळाली. परंतु त्याच वर्षीं पांच वर्षांचा पीटर तापानें दगावला. आजारी बापास आपल्या मुलाचें प्रेत पुरण्यास माणसें मिळविणें कठीण झालें. डॉरथीबाई मुळांत ह्या प्रवासास राजी नव्हत्या. परक्या हवेंत, आजारांत व दारिद्र्यांत ह्या दुःखाची भर पडली, आणि त्यांचें मन जें ढळलें तें पुन्हा ठिकाणावर आलें नाहीं. १८०७ सालीं त्यांचा अंत झाला. मोठ्या माणसांचीं चरित्रें लिहितांना आपण त्यांच्या कीर्तीचा हिशेब मांडतो, पण तिची किंमत घरांतील दुसऱ्याच कोणीतरी भरलेली असते, हें विसरूं नये. ज्यानें एवढें साधलें त्या पुरुषास आपल्या पत्नीचें दुःख दूर करतां आलें नाहीं, हेंहि ह्या चरित्राचें एक पान आहे.

अशा दिवसांतहि केरी इंग्लंडांतील मित्रांस पत्र लिहीत तेव्हां त्यांच्या मागण्या ठरलेल्या असत: विळे, कोयते, नांगराचीं चाकें आणि दर वर्षीं भाज्यांचीं, फुलांचीं व फळझाडांचीं ताजीं बियाणीं. बियाण्यांची किंमत आपण देऊं, पण पाठविण्यांत खंड पडूं देऊं नका, असा त्यांचा आग्रह असे. दिनाजपूरकडील शेतीची स्थिति त्यांनीं डोळसपणें पाहिली व पुढें तीवर एक विस्तृत निबंधहि लिहिला. येथील शेतकऱ्यास अन्न पुरत नाहीं हें पाहून ज्यास झोंप येत नाहीं, त्यानें त्याच्या आत्म्याची चिंता केली तर ती लोकांस खरी वाटते.

१० जानेवारी १८०० रोजीं केरी सेरामपूर येथें आले. हें गांव कलकत्त्यापासून सुमारें सात कोसांवर हुगळी नदीच्या पश्चिम तीरीं आहे. त्या वेळीं तेथें डेन्मार्कच्या राजाचा अंमल होता, आणि तेथील गव्हर्नर कर्नल बी ह्यांनीं मिशनरी लोकांस आश्रय दिला. जोशुआ मार्शमन व विल्यम वॉर्ड हे दोघे सहकारी आधींच येऊन पोहोंचले होते. नदीकांठचें एक मोठें जुनें घर त्यांनीं विकत घेतलें व सर्व कुटुंबें एका छताखालीं, एका पंक्तीस राहूं लागलीं. दुसऱ्या वर्षीं शेजारचें घर व त्याची जमीनहि त्यांत मिळाली. मार्शमन ह्यांच्याकडे शाळा, वॉर्ड ह्यांच्याकडे छापखाना, आणि केरींच्याकडे भाषांतर, अशी कामाची वांटणी झाली. त्याबरोबर आवारहि केरींच्या हातीं आलें.

ही बाग सुमारें पांच एकरांची होती. तिची आखणी केरींनीं स्वतः केली. उमरावांच्या वाड्याभोंवतीं बाग असते ती डोळ्यांस सुख देण्यासाठीं. केरींस सुखाबरोबर ज्ञानहि हवें होतें. म्हणून लिनियस ह्या स्वीडिश शास्त्रज्ञानें वनस्पतींचे जे वर्ग पाडले आहेत, त्यांस अनुसरून त्यांनीं वाफे पाडले. एका वाफ्यांतून दुसऱ्यांत जाणें म्हणजे ग्रंथाचें पान उलटणें होय. पण नुसत्या वाफ्यांनीं बाग होत नाहीं. बंगालच्या उन्हांत व पावसांत नाजूक रोपाला मोठ्या झाडाचा आडोसा लागतो. म्हणून त्यांनीं महोगनीच्या झाडांची एक लांब दुतर्फा रांग लाविली. महोगनी हा दूर अमेरिकेकडील वृक्ष. तो सावकाश वाढतो व लावणाऱ्यापेक्षां त्याच्या मुलानातवांच्या अधिक उपयोगीं पडतो. ही रांग वाढून तिच्याखालीं सावलीचा रस्ता झाला आणि लोक त्यास केरींची वाट म्हणूं लागले. जुन्या घरांत राहावयास येणाऱ्या माणसाला वडिलोपार्जित सावली मिळते. केरींनीं ज्यांस आपण कधीं पाहणार नाहीं अशा पुढल्या रहिवाशांसाठीं ती लाविली.

सूर्य उगवण्यापूर्वीं उठून केरी बागेंत जात. तेथेंच त्यांची सकाळची प्रार्थना व चिंतन होई. नंतर कुटुंबाची उपासना, मग पंडितांसह भाषांतर, अशी दिवसाची चाकोरी असे. माळी लोकांस त्यांनीं स्वतः तयार केलें होतें. त्यांतील कित्येक आपल्या बंगाली वळणानें वनस्पतींचीं लॅटिन नांवें बिनचूक म्हणत. एरवीं शांत असणाऱ्या केरीसाहेबांस राग आणावयाचा तर एकच उपाय होता: बागेचें फाटक उघडें ठेवून गुरें आंत सोडणें. ज्यानें बीं रुजविलें आहे त्यासच शेळीच्या एका घांसाची किंमत समजते.

आतां आपणां मराठी बोलणारांस विशेष अगत्याची गोष्ट सांगितली पाहिजे. १८०१ सालीं कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजांत केरींची नेमणूक झाली. तेथें ते बंगाली, संस्कृत व पुढें मराठी शिकवूं लागले. वेतन मिळे तें जवळजवळ सर्व मिशनच्या सामाईक पेटींत जाई. मराठी त्यांस कोणी शिकविली? नागपुराकडील वैजनाथ पंडित हे त्यांचे मराठीचे साहाय्यक होते. त्यांच्या साहाय्यानें केरींनीं मराठीचें व्याकरण लिहिलें. तें १८०५ सालीं छापलें गेलें. त्याच वर्षीं मत्तयाचें शुभवर्तमान मराठींत निघालें. १८१० सालीं मोडी टाइपांत मराठी कोश प्रसिद्ध झाला व १८११ सालीं नवा करार. १८१६ सालीं सेरामपूरच्या छापखान्यांतून रघूजी भोसल्यांची वंशावळीहि बाहेर पडली. मुंबई-पुण्याकडे मराठी पुस्तकें छापण्यास जोम येण्यापूर्वीं, आपल्या वऱ्हाड-नागपुराकडील बोली बंगालमध्यें हुगळीच्या कांठीं शिशाच्या अक्षरांत बसत होती, ही गोष्ट विस्मयकारक नव्हे काय?

सेरामपूरचें मराठी भाषांतर पुढें टिकलें नाहीं, हें येथें सांगणें प्रामाणिकपणाचें आहे. त्याची भाषा सर्व महाराष्ट्रास रुचेना. मागाहून आलेल्यांनीं तें काम नव्यानें केलें. भाषा हाहि एक जुना वृक्षच आहे. परक्या माणसानें तिच्याजवळ येऊन तिच्या फांद्या आपल्या सोईप्रमाणें वांकवूं म्हटल्यास त्या मोडतात. तिच्या मुळांची दिशा पाहून भोंवतीं काम करावें लागतें. केरींनीं हें ओळखूनच पंडितांच्या पायाशीं बसून आरंभ केला. पहिलें रोप जळालें. पण जमीन तयार झाली ती झालीच.

कलकत्त्याजवळ शिबपूर येथें कंपनी सरकारची मोठी वनस्पतिबाग १७८७ सालापासून होती, व डॉ. विल्यम रॉक्सबर्ग हे तिचे अधिकारी होते. ह्या दोघां विल्यमांची गाढ मैत्री जमली. रोपें व बियाणीं नदीवरून इकडून तिकडे जात. कुंभीच्या जातीस आपल्या मित्राचें नांव दिलें तें ह्याच रॉक्सबर्ग साहेबांनीं. १८१५ सालीं रॉक्सबर्ग वारले. त्यांचा ग्रंथसंग्रह धूळ खात पडूं नये म्हणून केरी पुढें सरले. रॉक्सबर्ग ह्यांच्या बागेंतील वनस्पतींची यादी त्यांनीं १८१४ सालींच सेरामपूरला छापली होती. पुढें फ्लोरा इंडिका हा मोठा ग्रंथ त्यांनीं डॉ. वॉलिच ह्यांच्यासह छापण्यास घेतला; १८३२ सालीं त्याचे तीन भाग त्यांनीं एकट्यानें पुरे करून प्रसिद्ध केले. तेव्हां ते स्वतः सत्तरी उलटलेले होते. मित्राच्या नांवावर निघणाऱ्या ग्रंथासाठीं म्हातारपणचे डोळे झिजविणें, ही मैत्रीची कसोटी होय.

एकदां इंग्लंडहून आलेलीं बियाणीं काढून घेतल्यावर त्यांनीं रिकामी पिशवी सावलींतील एका कोपऱ्यांत झटकली. कांहीं दिवसांनीं तेथें एक अंकुर दिसला. तो होता इंग्लंडच्या कुरणांत पायदळीं येणाऱ्या साध्या डेझी फुलाचा. घर सोडून इतकीं वर्षें झालीं असतां, आपल्या बालपणच्या मातींतून आलेलें हें क्षुद्र फूल पाहून त्या वृद्ध मिशनऱ्याचें हृदय भरून आलें. बंगालच्या पावसाळ्यांत तें रोप जगेना. म्हणून दर वर्षीं बीं धरून तें पुन्हा लावण्याचा त्यांनीं परिपाठ ठेविला. केरी पुन्हा मायदेशीं गेले नाहींत. मायदेशाचें एवढेंच फूल त्यांच्यापाशीं येऊन राहिलें.

बाग हा केवळ आपल्या आवाराचा विषय नाहीं, असें त्यांचें मत होतें. १८२० सालीं त्यांच्या पुढाकारानें हिंदुस्थानची शेती व बागाईत सुधारण्यासाठीं एक मंडळ स्थापन झालें. आरंभीच्या सभेस माणसें फार थोडीं आलीं. परंतु ह्या मंडळांत येथील लोकांस युरोपियनांप्रमाणेंच सभासद होण्याचा अधिकार असावा, असा केरींचा आग्रह होता. त्या काळीं ही गोष्ट लहान नव्हती. तें मंडळ आजहि कोलकात्यास अलिपूर येथें आपली बाग राखून आहे. लंडनच्या लिनियन सोसायटीनें १८२३ सालीं त्यांस सभासद करून घेतलें.

येथवर वाचून कोणास वाटेल कीं, केरींचें उत्तरायुष्य फुलांच्या ताटव्यांतून गेलें. तसें झालें नाहीं. त्यांच्या कार्यावर अग्नि, जल व वायु ह्या तिघांनींहि घाला घातला. ११ मार्च १८१२ रोजीं सायंकाळीं छापखान्यास आग लागली. अनेक भाषांचे टाइप वितळले, कागद जळाला, आणि ज्यांवर कित्येक वर्षें खर्ची पडलीं होतीं त्या कोशांचीं व व्याकरणांचीं हस्तलिखितें राख झालीं. केरी त्या वेळीं कलकत्त्यास होते. परत आल्यावर ते त्या राखेंतून हिंडले. टाइप पाडण्याचे पोलादी ठसे मात्र वांचले होते. वितळलेला धातु गोळा करून नवें टाइप ओतण्यास लागलीच आरंभ झाला, आणि ज्या वाटेनें एकदां गेलों ती दुसऱ्यानें जलद सुधरते असें म्हणून केरी पुन्हा लिहावयास बसले.

१८२३ च्या ऑक्टोबरांत होडींतून उतरतांना ते घसरून पडले, कमरेस जबर दुखापत झाली व पाठोपाठ ताप येऊन जीव वांचेल कीं नाहीं अशी स्थिति झाली. त्याच सुमारास नदीस मोठा पूर आला. पुराचें पाणी बागेंतून वाहिलें, कांठ खचला व केरींचें राहतें घर सोडावें लागलें. बिछान्यावर पडून त्यांनीं बागेच्या नाशाची वार्ता ऐकली. बरे होऊन कुबड्यांवर चालूं लागले, आणि प्रथम काय केलें? लहानपणीं पडल्यावर त्याच झाडाकडे गेलेल्या मुलाप्रमाणें ते बागेकडे गेले. जें उभें राहिलें होतें तेथून पुन्हा आखणी झाली. पुढें १८३१ सालीं भयंकर वादळ झालें. कित्येक मोठे वृक्ष मुळांसकट उलथले. नाजूक रोपांसाठीं केलेलें छपर चुराडा झालें. ह्याच काळांत कॉलेजांतील प्राध्यापकपद गेल्यानें उत्पन्न घटलें व कलकत्त्याच्या पेढ्या बुडाल्यानें मिशनचा पैसाहि गेला. सत्तर वर्षांच्या त्या वृद्धानें माळ्यांस बोलावून पुन्हा बिया पेरविल्या.

सत्तर वर्षांच्या माणसानें रोपें लावणें हें मूर्खपणाचें वाटतें. पण ज्यांचा हिशेब स्वतःच्या आयुष्याबरोबर संपतो त्यांनाच तें तसें वाटेल. सेरामपूरचें विद्यालय त्यांनीं सहकाऱ्यांसह १८१८ सालीं काढलें होतें. तेथें शिकणारीं मुलें त्यांच्या डोळ्यांसमोर होतीं. शाळा आणि झाड ह्या दोन्ही गोष्टी लावणाऱ्याने दुसऱ्यांसाठींच लावावयाच्या असतात.

शेवटच्या महिन्यांत चालवेनासें झाल्यावर त्यांस खुर्चींत बसवून बागेंत फिरवीत. तेंहि होईना तेव्हां मुख्य माळ्यास खोलींत बोलावून कोणत्या रोपास काय हवें नको ह्याची ते विचारपूस करीत. एके दिवशीं त्यांचें मन फार उदास झालेलें पाहून एका मित्रानें कारण विचारलें. आपण गेल्यावर मार्शमनसाहेब बागेंत गुरें सोडतील अशी त्यांस चिंता लागली होती. मार्शमन हे चौतीस वर्षांच्या सुखदुःखाचे सोबती. पण बागेच्या बाबतींत त्यांच्यावरहि विश्वास नव्हता. ९ जून १८३४ रोजीं, वयाच्या बहात्तराव्या वर्षीं, केरींनीं प्रभूच्या ठायीं विश्रांति घेतली. सेरामपूरच्या मिशन दफनभूमींत त्यांची समाधि आहे. वॉइट नांवाच्या एका डॅनिश डॉक्टरानें कलकत्त्याच्या व सेरामपूरच्या बागांतील वनस्पतींची यादी केली. ती १८४५ सालीं प्रसिद्ध झाली, आणि तीवरून केरींच्या संग्रहाची श्रीमंती आजहि कळते. बाग मात्र राहिली नाहीं. कांठावर पुढें तागाची गिरणी आली. गुरांची भीति होती. आलीं तीं यंत्रें.

मग हे सर्व श्रम व्यर्थ गेले काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. त्या बागेंतून गेलेलीं बियाणीं, तेथें शिकलेले माळी, तेथें छापलेले ग्रंथ आणि तेथून निघालेली वृक्षांवरील प्रीति हीं गिरणीच्या भिंतींत अडकलीं नाहींत. शिबपूरच्या बागेंतील प्रसिद्ध वडाचें उदाहरण घ्या. वादळांनीं जखमी होऊन किडलेलें त्याचें मूळचें खोड १९२५ सालीं काढून टाकावें लागलें; तरी तो वड पारंब्यांवर उभा राहून वाढतच आहे. कित्येक मोठ्या माणसांचें कार्य ह्या वडासारखें असतें. मधलें खोड दिसत नाहीं, पण सावली आहे.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हीं ह्या चरित्रांतून काय घ्यावें? सर्वांनींच चाळीस भाषांत शास्त्र छापावें असें नाहीं. पण आपल्या देवळीस वैशाखांत ऊन कसें तापतें हें तुम्हांस ठाऊक आहे. पारा पंचेचाळीस अंशांजवळ गेला म्हणजे जुन्या निंबाखालीं व चिंचेखालीं माणूस, बैल आणि पांखरूं सारखेंच आश्रयास येतात. ह्या झाडांचे लावणारे कोण होते, त्यांचीं नांवें आज कोणासहि सांगतां येणार नाहींत. आतां रस्ता रुंद होतो, जुना वाडा पाडून नवें घर उठतें, शाळेस नव्या खोल्या लागतात, आणि प्रथम कुऱ्हाड चालते ती झाडावर. आम्ही पालकांसहि विनंति करितों कीं, बांधकाम काढण्यापूर्वीं त्या इंग्रज उद्यानकारांप्रमाणें आधीं आवारांत एक फेरी मारावी. उभें झाड नकाशांत प्रथम काढावें व भिंत मागाहून. झाडाच्या फांद्यांचा घेर जेवढा, तेवढी जमीन निदान त्याची समजावी. तेथें पाया खणूं नये, बुंध्याशीं मातीचा ढीग घालूं नये, फरशी घट्ट बसवून मुळांचें पाणी तोडूं नये. सावलींत फुलझाडें न जगल्यास तेथें बसावयास ओटा करावा व फुलांचे वाफे उन्हाच्या बाजूस न्यावे. एवढें केलें तर नवें घर पहिल्या दिवसापासूनच जुन्या वाड्यासारखें शोभूं लागतें.

आणि जेथें जुनें झाड नाहीं तेथें आजच एक लावावें. त्याची सावली आपणांस मिळेल कीं नाहीं हा प्रश्न केरीसाहेबांनीं सत्तराव्या वर्षीं विचारला नाहीं; तुम्हांस तर पंधरावें-सोळावेंच लागलें आहे. रोप लावून झालें म्हणजे फाटक मात्र आठवणीनें लावावें.